घर बघायला शिकलेल्या बाया : ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ची वाटचाल

वैराग हे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. या भागातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर माळवद (मातीचं सपाट छप्पर). पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, दरवर्षी टाकायची. पिढ्या सरतात तसा थर वाढत जातो. दोन फूट माती साचली की प्रत्येक चौरस मीटरवर टनभर ओझं येतं. घरात उन्हाळ्यात गार वाटतं, म्हणून कुणाची तक्रार नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि याच बांधणीच्या घरांखाली जवळपास आठ हजार माणसं गेली. वैरागपासून किल्लारी सरळ रेषेत ८५ किलोमीटरच्या आसपास. ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत, सोलापूरसह १३ जिल्ह्यांत, घरं उभी होती पण तडकलेली. त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करायचं आणि सरकारने पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे, अशी योजना जागतिक बँकेच्या मदतीने १९९४ मध्ये सुरू झाली. घरं लाखांत होती, अभियंते मोजके. शिवाय अभियंता चावडीवर पुरुषांशी बोलून जायचा. घरातली ओल, वाळवी, दाराचं अडकणं ठाऊक असलेली बाई मात्र त्या बोलण्यात नसायची.

ही फट ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने हेरली. मुंबईच्या ‘स्पार्क’ संस्थेत काम केलेल्या प्रेमा गोपालन यांनी हे काम उभं केलं. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडल्या. शेकडो गावांत या बाया घरोघर जाऊ लागल्या. योजनेत काय मिळतं, हप्ता कधी सुटतो, गवंड्याकडून काय करून घ्यायचं, हे सांगू लागल्या. बहुतेकींचं शिक्षण बेताचं, काहींचं नाहीच.

त्या काय शिकल्या, ते एका भिंतीपुरतं पाहू. दगड-मातीची भिंत दिसते एक, असतात दोन : आतली आणि बाहेरची. मधे भर. हादरा बसला की दोन्ही फाकतात, भिंतीला पोट सुटतं. त्यावर उपाय म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारे दगड. १९९३ च्याच भारतीय मानकात त्यांचं माप आहे : उंचीत दर ६० सेंटिमीटरला एक थर आणि त्या थरात दोन दगडांमधलं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको. उभ्या भिंतीत नवा दगड घालता येत नाही. मग दोन्ही बाजूंनी एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. वरून गिलावा झाला की हे काम दिसेनासं होतं. म्हणून गिलाव्याआधी बघायला कुणीतरी उभं हवं. माळवदाची माती उतरवली का, भिंतींभोवती भूकंपरोधक पट्टा फिरवला का, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपा आधार दिला का, हेही तेव्हाच पाहावं लागतं.

१९९८ मध्ये संस्था स्वतंत्रपणे नोंदवली गेली. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिथल्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या. पुढे संस्थेचं काम बचत गट, आरोग्य, शेती असं पसरलं. २०१६ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. २०२२ मध्ये प्रेमाताई गेल्या.

आज घर तपासण्याचं काम करायचं तर कागद लागतो. आपल्याकडे ‘घर तपासनीस’ असा वेगळा परवाना नाही. वाट जाते ती स्थापत्य शाखेतून : दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा आरेखक (स्थापत्य) अभ्यासक्रम, तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी, त्यानंतर अनुभव आणि स्थानिक संस्थेकडे नोंदणी. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांपेक्षा जुनी इमारत नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावी लागते. ग्रामीण घरकुलांसाठी गवंड्यांना ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे. ते प्रत्यक्ष घर बांधतच दिलं जातं.

हे सगळं गरजेचं आहे, पण त्याचा भर काँक्रीटवर आहे. हातोडा टेकवून काँक्रीटची ताकद मोजणारं यंत्र दगड-मातीच्या भिंतीवर चालत नाही. तिथे तुळईत सुई खुपसून वाळवी बघावी लागते, ओळंबा सोडून पोट मोजावं लागतं, माळवदाच्या मातीची जाडी काढावी लागते. पदविका घेतलेल्या मुलाला हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, आणि ज्या संवाद सहायकांना शिकवलं होतं त्यांच्या हाती प्रमाणपत्र नव्हतं.

वैरागला आता नगरपंचायत आहे. जुनी घरं तपासायचं तिने ठरवलं, तर मजबुतीच्या दाखल्यावर सही अभियंत्याचीच हवी, त्यात तडजोड नको. पण कोणती घरं आधी बघायची, याची यादी त्या त्या गल्लीतल्या बायांकडून करून घेता येईल. आठवडाभराच्या शिक्षणावर त्या ती करू शकतील. संवाद सहायकांनी याहून अवघड काम करून दाखवलं आहे, तेही घरं पडायला आलेली असताना. आपल्याकडे अजून सवड आहे.