छायाचित्रातील हात आणि सत्तेची मुद्रा

बौद्ध शिल्पकलेत हात बोलतो. अभयमुद्रेतील उघडा तळवा भयमुक्तीचे आश्वासन देतो. भूमिस्पर्श मुद्रेत तथागत पृथ्वीला साक्षी ठेवतात. छायाचित्रातील हातही असाच वाचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटण्यास कित्येक सेकंद लागत. हात हलला की तो पुसट होई, म्हणून तो कशावर तरी टेकवावा लागे. मात्र तो कशावर टेकावा, हे यंत्र ठरवीत नसे. माणसाचे समाजातील स्थान ठरवीत असे. आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या भूमीवर औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने नांदली. संस्थानिकांच्या छायाचित्रांत हात तलवारीच्या मुठीवर विसावे, तर विद्वानाचा ग्रंथावर. एक हात सत्ता मिरवी, दुसरा ज्ञानाची मालकी.

याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाल भीमरावांचे नाव सरकारी शाळेत दाखल झाले. शाळेच्या नळाला स्पर्श करण्याची मुभा त्या हातास नव्हती. शिपायाने तोटी सोडली, तरच पाणी मिळे. 1901 साली वडिलांच्या भेटीस निघालेल्या भावंडांना मसूर स्थानकावर बैलगाडी मिळाली, ती दुप्पट भाड्याने आणि ती स्वतः हाकण्याच्या अटीवर. विटाळाच्या भयाने गाडीवान पायी चालला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

2 एप्रिल 1967 रोजी संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेल्या कांस्य पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच्या डाव्या हाती संविधान आहे आणि उजव्या हाताची तर्जनी उंचावलेली आहे. ज्या हातास नळ वर्ज्य होता, तोच हात येथे दिशा दाखवितो. तलवारीवरील हात वारशाने आलेली सत्ता सांगतो; हा हात अध्ययनाने मिळविलेला अधिकार सांगतो. या मुद्रेस हुकूम समजणे चूक होय. ग्रंथ दृष्टीआड केला, तर तर्जनीचा अर्थही हरपतो.

आमच्या घरांतील जुन्या छायाचित्रांकडेही याच दृष्टीने पाहावे. आजोबांच्या हाती पुस्तक, काठी की टोपी आहे, आजीचे हात पदराआड आहेत की मोकळे, हे पाहून मागील बाजूस नाव, गाव व वर्ष लिहून ठेवावे. ज्यांना तलवारही नव्हती आणि ग्रंथही नव्हता, त्यांचा इतिहास अशा कागदांतच उरला आहे.