तांबं थोडं, कैदी फार

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ईस्ट ग्रॅन्बी गावाजवळ डोंगरउतारावर तांब्याची एक जुनी खाण आहे. खाण म्हणजे बसक्या छताच्या, तिरप्या भुयारांचं जाळं. तिनं कुणाचंच घर भरलं नाही, पण दर पिढीला कुणीतरी तिला नव्यानं कामाला जुंपलं.

सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी, अटलांटिक महासागर जन्मायच्या आधी, इथला भूखंड फाटू लागला. जमीन खचून लांबट खोरं तयार झालं आणि आजूबाजूच्या डोंगरांवरून वाहून आलेल्या वाळूचा त्यात लाल वालुकाश्म झाला. मग भेगांतून लाव्हा आला. त्याचा बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच जातभाई, फक्त वयानं तिपटीनं थोरला. खडकातून झिरपणाऱ्या क्षारयुक्त पाण्यानं तांबं वाहून आणलं आणि वालुकाश्मात मागे ठेवलं. काळपट करडा चॅल्कोसाइट, आणि जिथे हवापाणी पोचलं तिथे मॅलाकाइटचा हिरवा डाग. पण हे खनिज थरात विखुरलेलं, जाड शीर अशी नाही. थर कलले तसे खाणकामगारही कलत गेले, म्हणून इथली भुयारं उभी न जाता तिरपी गेली आहेत.

1705 मध्ये इथे तांबं सापडलं, तेव्हा हा भाग सिम्सबरीत मोडत होता. दोनच वर्षांत गावकऱ्यांनी मिळून कंपनी काढली. उत्पन्नातला काही वाटा गावच्या शिक्षकाला आणि काही पुढे येल या नावानं ओळखल्या गेलेल्या कॉलेजला द्यायचा, असं ठरलं. दातृत्व आधी, नफा मागाहून! नफा काही आला नाही. खनिज समुद्रापार इंग्लंडला पाठवायचं, त्यात खर्च अफाट. पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झालेल्या जोनाथन बेल्चरनंही या खाणींत बराच पैसा ओतला.

जवळच सॅम्युअल हिग्ली नावाच्या डॉक्टरची स्वतःची छोटी खाण होती. त्यानं 1737 मध्ये तांब्याची नाणी पाडली. आधी त्यांच्यावर तीन पेन्स किंमत होती. एवढ्याशा तांब्याचे तीन पेन्स? लोकांनी कुरकुर केली म्हणतात. मग नव्या छापात एका बाजूला ‘मी चांगलं तांबं आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘माझी किंमत तुम्हीच ठरवा’ अशा अर्थाचा मजकूर आला. एवढं मिश्कील उत्तर नाण्यावर क्वचितच कोरलं गेलं असेल. त्याच वर्षी हिग्ली समुद्रप्रवासात वारला, तरी 1739 चा छाप असलेली नाणीही मिळतात. तांबं शुद्ध म्हणून मऊ, त्यामुळे नाणी लवकर झिजली. आज ती अतिशय दुर्मीळ आहेत.

खाण थंडावल्यावर वसाहतीच्या सरकारला तिच्यात तयार तुरुंग दिसला. 1773 मध्ये लंडनच्या तुरुंगाचं ‘न्यूगेट’ हे नाव देऊन तो सुरू झाला. भिंत बांधायला नको, खर्च कमी, आणि कैद्यांकडून तांबंही काढून घेता येईल, असा हिशेब. पहिला कैदी जॉन हिन्सन 18 दिवसांत पळाला. एका बाईनं वरून दोर सोडून त्याला ओढून घेतलं, असं सांगतात. कैद्याच्या हाती पहार द्यायची आणि त्यानं फक्त तांबंच खोदावं अशी आशा धरायची, हे सरकारलाच सुचू शकतं. शेवटी त्यांना वर आणून खिळे घडवायला बसवलं. रात्री मात्र शिडीनं पुन्हा खाली, बारा महिने 11 अंशांच्या आसपास राहणाऱ्या ओलसर अंधारात.

स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनाही इथेच डांबलं. 1775 मध्ये खुद्द वॉशिंग्टननं लष्करी न्यायालयानं शिक्षा दिलेले कैदी इथे धाडले. मे 1781 मध्ये एका कैद्याच्या बायकोला भेटीसाठी खाली सोडायला दार उघडलं आणि आतले सगळे पहारेकऱ्यांवर तुटून पडले. एक पहारेकरी मारला गेला, 28 जण पळाले. तरीही तुरुंग 1827 पर्यंत चालला. मग कैदी वेदर्सफील्डच्या नव्या इमारतीत गेले.

तुरुंग रिकामा होताच तांब्याची आशा पुन्हा जागी झाली. 1830 च्या आणि 1850 च्या दशकांत कंपन्यांनी परत खोदून पाहिलं आणि हात टेकले. तोवर भुयारं बघायला हौशी लोक येऊ लागले होते. 1968 मध्ये राज्य सरकारनं जागा विकत घेतली, आणि आता तिकीट काढून कुणालाही आत उतरता येतं.