रंगभूमीवरील संभाजी आणि इतिहासातील संभाजी

मराठी रंगभूमीने ज्या ऐतिहासिक पुरुषांना पुनःपुन्हा आवाहन केले, त्यांत छत्रपती संभाजी महाराजांचे स्थान वेगळे आहे. शिवचरित्र नाटककाराच्या हाती बहुधा सिद्ध स्वरूपातच येते. संभाजीचरित्र मात्र जवळजवळ प्रत्येक पिढीने नव्याने रचले. याचे कारण नाटककारांच्या लहरीत नसून मूळ साधनांच्या स्वरूपात आहे.

संभाजीराजांचा वध 11 मार्च 1689 रोजी झाला. त्यांची प्रतिमा दीर्घकाळ ज्या बखरीवर पोसली गेली, ती मल्हार रामराव चिटणीसांची बखर 1811 च्या सुमारास, म्हणजे सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. बखरकार हे बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज. आणि बाळाजी आवजींना संभाजीराजांनी 1681 मध्ये देहान्त शासन दिले होते. एवढ्यावरून बखर खोटी ठरत नाही. परंतु तिच्यातील व्यसनी, उच्छृंखल राजा हा निष्पक्ष साक्षीतून उभा राहिलेला नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

राम गणेश गडकऱ्यांच्या पिढीपुढे हीच परंपरा होती. 1919 मध्ये गडकरी निवर्तले तेव्हा ‘राजसंन्यास’ अपुरेच होते. त्यातील तुळशी हे पात्र कल्पित आहे. गडकऱ्यांना संभाजीची चौकशी मांडायची नव्हती. राजधर्माचा अर्थ फार उशिरा कळलेल्या पुरुषाची शोकात्मिका त्यांना अभिप्रेत होती. त्यांची वाणी इतकी प्रभावी ठरली की, प्रेक्षकाने रूपकाला पुरावा मानले. वि. ह. औंधकरांच्या नाटकाचे तर ‘बेबंदशाही’ हे नावच त्या कारकिर्दीवरचा अभिप्राय होऊन बसले.

या प्रतिमेला खरा धक्का दिला तो संशोधनाने. वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र 1960 मध्ये प्रसिद्ध झाले, डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ 1971 मधील. त्यांतून दिसणारा राजा निराळाच आहे. 1681 च्या जानेवारीत राज्याभिषेक होतो आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मराठी फौज बऱ्हाणपुरावर धडकते. 1682 मध्ये जंजिऱ्यास वेढा पडतो. 1683 मध्ये फोंड्याला वेढा घालणाऱ्या पोर्तुगीज विजरईला माघार घ्यावी लागते. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ या राजाच्या नावावर आहे. 1681 मध्ये दक्षिणेत उतरलेल्या औरंगजेबाला दिल्ली पुन्हा दिसली नाही; 1707 मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, त्याचा अंत झाला. या दीर्घ झुंजीची पहिली साडेसात-आठ वर्षे संभाजीराजांनी पेलली.

बेंद्र्यांच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, 1962 मध्ये, वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगमंचावर आले. काशिनाथ घाणेकरांच्या संभाजीने प्रेक्षकांची सहानुभूती जिंकली. पिता-पुत्रांमधला दुरावा नाटककाराने घराच्या उंबरठ्याआड पाहिला. पुढे 1968 मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’ने राजाचे अखेरचे तेज प्रकट केले. उपभोगी राजाच्या जागी आता हुतात्मा आला.

मात्र येथेच एक नवा धोका संभवतो. 1678 च्या डिसेंबरात युवराज संभाजी दिलेरखानाच्या छावणीत गेले. ते तेथे असतानाच 1679 मध्ये मोगलांनी भूपाळगड घेतला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते पन्हाळ्यास परतले. हे सत्य बखरद्वेषाने निर्माण केलेले नाही, आणि गौरवाने पुसलेही जाणार नाही. शत्रूच्या गोटात वर्षभर राहिलेला हा पुरुष दहा वर्षांनी त्याच सत्तेपुढे न वाकता मृत्यू पत्करतो. या दोन टोकांमधील अंतर हाच त्यांच्या जीवनातील खरा नाट्याशय होय. बदनामी पहिले टोक तेवढे पाहते, भक्ती दुसरे. आणि दोहोंच्या हातून मधला माणूस निसटतो.

2017 च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. 2025 मध्ये ‘छावा’ हा हिंदी चित्रपट, शिवाजी सावंतांच्या कादंबरीच्या आधारे, मराठी रंगभूमी क्वचितच पोचते अशा दिल्लीच्या परिसरातही पाहिला गेला. दोन्ही घटना एकच गोष्ट सांगतात: कलाकृतीला आपण अजून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करतो. ‘राजसंन्यास’मधील संभाजी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हे निःसंकोच सांगितले पाहिजे, पण त्याचे उत्तर बेंद्र्यांनी दिले तसे, कागद शोधून द्यावयाचे असते. नाटककाराला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे. मात्र ज्याच्या नावावर ती कल्पना उभी राहते, त्या मृत व्यक्तीला प्रतिवाद करता येत नाही, याचे भान त्या स्वातंत्र्यासोबत यायला हवे. आणि प्रेक्षकानेही पडदा पडल्यावर ग्रंथालयाची वाट धरावी. तेथे भेटणारा संभाजी त्याला कोणत्याही नाटकातल्याहून अधिक अस्वस्थ करील.