गुरुजींचा संगणक आणि चोवीस फ्लॉप्या

मी इतिहासाचा शिक्षक. संगणकाच्या अंतरंगात शिरलो तो २०१४ साली, केवळ गरजेपोटी. त्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीची देखभाल बंद झाली आणि आमच्या शाळेतले सहा संगणक एकाएकी म्हातारे ठरले. नव्या प्रणालीचे ओझे त्यांना पेलणारे नव्हते आणि नवे संगणक घ्यायला पैसे नव्हते. एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, लिनक्स घालून बघा." कोणते, असे विचारताच त्याने चार-पाच नावे सांगितली. मग मी इतिहासाच्या माणसाने करावे तेच केले. आधी त्यांची कुळकथा शोधली.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. त्याच्या जोडीला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने होती. १९९२ मध्ये हा गाभा ग्नूच्याच परवान्याखाली आला. कुणीही तो वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. मात्र देताना मूळ लिखाण झाकून ठेवू नये, ही त्यातली अट.

पण हे सुटे भाग जुळवायचे कुणी? त्यासाठी तयार संच निघू लागले. एसएलएस हा त्यांतला आरंभीचा एक, पण त्यात चुका फार. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मूरहेड येथे शिकणाऱ्या पॅट्रिक वोल्करडिंगच्या प्राध्यापकांना तो घरी आणि महाविद्यालयात बसवून हवा होता. पॅट्रिकने दुरुस्त्या टिपून ठेवल्या होत्या. त्या मूळ डिस्कांतच घालता येतील का, असे गुरुजींनी विचारले. त्यातून १७ जुलै १९९३ रोजी स्लॅकवेअर जाहीर झाला. साडेतीन इंची चोवीस फ्लॉप्या! त्याच एसएलएसला कंटाळून पर्ड्यू विद्यापीठातील इयान मर्डॉकने ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन सुरू केला. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, या दोन नावांची ती संधी. स्लॅकवेअर मुख्यतः एका माणसाच्या हातचा राहिला; डेबियन अनेक स्वयंसेवकांचा झाला आणि १९९७ साली त्यांनी आपली बांधिलकी लेखी स्वरूपात मांडली.

शिष्याने गुरूसाठी केलेले काम म्हणून माझे मन स्लॅकवेअरवर बसले. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, डिस्कचे विभाग स्वतः पाडायचे. बदल लिहिण्यापूर्वी यंत्र 'येस' हा शब्द पूर्ण टाइप करायला लावते. मी तो केला, पण चुकीच्या डिस्कवर. नववीची सहामाहीची गुणपत्रके गेली. दोष सर्वस्वी माझा. सहकाऱ्यांच्या वह्या मागून तीन रात्री मी ते गुण पुन्हा उतरवून काढले. त्या तीन रात्रींत माहितीची दुसरी प्रत म्हणजे काय, हे मला जेवढे कळले तेवढे कोणत्याही प्रशिक्षणात कळले नव्हते.

शेवटी शाळेसाठी डेबियन निवडला. एखाद्या कार्यक्रमाला दुसरा कोणता लागतो, हे तो स्वतः पाहून घेतो. स्लॅकवेअरमध्ये ते आपणच पाहायचे असते. दुसरे कारण आमच्या सीमाभागाचे. २००७ च्या आवृत्तीत डेबियनच्या स्थापनेसाठी चित्रमय पडदा आला आणि भारतीय लिप्या त्यावर उमटू लागल्या. पुढच्या आवृत्त्यांत मराठी आली, कन्नडही आली. आमच्या शाळेत दोन्ही घरांची मुले आहेत. भाषा निवडण्याच्या यादीत दोघांनाही आपापली भाषा दिसली तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो मी मुद्दाम थांबवला नाही. ही भाषांतरे सरकारी हुकमाने आलेली नव्हती. ज्यांना ती हवी होती त्यांनी बसून केली होती.

स्लॅकवेअरचा एक संगणक मात्र मी राखून ठेवला आहे. दरवर्षी नववीची दोन-तीन मुले तो पुसतात आणि पहिल्यापासून बसवतात. चुकतात, चडफडतात, पुन्हा करतात. मी शेजारी बसतो आणि 'येस' लिहिण्याआधी एवढेच विचारतो, "डिस्क कोणती, आणि प्रत काढलीस का?"