प्रत, भिंग आणि बियाणे

'प्रत' हा शब्द मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास घातला. ग्रंथ सुवाच्य कसा उतरवावा, हे तो शिकवतो. प्रती होत राहणे हेच ग्रंथाचे जगणे होते. याउलट महानुभावांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या. कुलूप घालायचे की प्रत होऊ द्यायची, हा प्रश्न आपल्याकडे असा जुनाच आहे. त्याचा भार ग्राहकावर कसा पडतो, हे पाहण्यासाठी आम्ही येथे दोन अलीकडची उदाहरणे घेतो.

घरगुती संगणकाचे खेळ कॅसेटवर मिळत, तेव्हा त्यांची नक्कल साध्या टेपरेकॉर्डरवर होई. म्हणून १९८४ साली ब्रिटनमध्ये 'जेट सेट विली'सोबत रंगीत चौकटींचा कागद देण्यात आला. त्यातले रंग सांगितल्यावाचून खेळ सुरू होत नसे. कागद हरवला की विकत घेतलेला खेळही गेला. १९८५ मध्ये 'एलिट'च्या स्पेक्ट्रम आवृत्तीसोबत 'लेन्सलॉक' हे प्लास्टिकचे भिंग आले. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरे त्यातून वाचायची. पण दूरचित्रवाणी संच फार लहान किंवा फार मोठा असला, तर ती जुळतच नसत. चोर कुलूप एकदाच फोडतो. दाम मोजणाऱ्याला ते दर वेळी उघडावे लागते.

जालन्यात हे कुलूप बियाण्यात दिसते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाणे उद्योगाचे केंद्र झाले. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखून पुन्हा पेरू शकतो. संकरित वाणाच्या पुढल्या पिढीत मात्र गुण विखुरतात, उत्पादन घटते. म्हणून दर हंगामात दुकान गाठावे लागते. तरीही हे कुलूप भिंगासारखे नव्हे. भिंगाने खेळाडूला काहीच दिले नाही. संकराने जादा पीक दिले. येथे लाभ आणि अडसर एकाच गुणातून येतात.

निव्वळ कुलूप म्हणता येईल असे तंत्र मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत पेटंट झाले: पिकाचे बी उगवूच नये, अशी त्यात योजना होती. विरोधकांनी त्याला 'टर्मिनेटर' म्हटले, आणि १९९९ साली मोन्सँटोने ते बाजारात न आणण्याचे जाहीर केले. भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने अशा वाणांची नोंदणी नाकारली. बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क त्याच कायद्याने शेतकऱ्याला दिला; संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकण्यास तेवढी मनाई ठेवली.

पुढल्याच वर्षी, २००२ मध्ये, बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती महिकोच्या संकरित वाणांच्या रूपात. कायद्याने दिलेला हक्क कागदावर शाबूत राहिला, पण संकरित कापूस पेरणाऱ्याला त्याचा उपयोग फारसा उरला नाही. आमच्या मते, नक्कलबंदीचा इतिहास लिहिताना चोरीच्या हिशेबाआधी हे विचारले पाहिजे: ज्याने दाम मोजले, त्याच्या हाती नेमके काय आले?