दीड-दोन वर्षांचं मूल आणि पहिला विमानप्रवास: रिसोडहून निघताना काय लक्षात ठेवायचं?

रिसोडला विमानतळ नाही, रेल्वे स्टेशनही नाही. त्यामुळे इथल्या घरातलं लहान मूल पहिल्यांदा विमानाने जातं, तेव्हा त्याचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. पहाटे झोपेतून उचलून गाडीत ठेवलं, की तो सुरू होतो. हवेतला वेळ जेमतेम दीड तास, रस्त्यावरचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. मोठ्या शहरांतल्या पालकांसाठी दिलेल्या टिप्समध्ये हा रस्ता नसतो. विमानात मूल किरकिर करतं, त्यातली बरीचशी किरकिर मात्र रस्त्यावरच जमा झालेली असते.

कुठून आणि कोणत्या वेळेचं विमान?

सर्वाधिक विमानं नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरून मिळतात. मालेगावकडून समृद्धी महामार्गाला लागलं, तरी घरापासून विमानतळापर्यंत चार तास धरून चालावं. छत्रपती संभाजीनगर त्यापेक्षा जवळ आहे, पण तिथून विमानं कमी. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली. ती मोठी सोय आहे, पण तारीख ठरवण्याआधी वेळापत्रक बघावं.

तिकीट काढताना बहुतेक जण आधी भाडं बघतात. लहान मूल सोबत असेल तर आधी घड्याळ बघा. सकाळी सातचं विमान स्वस्त असलं, तरी त्यासाठी रिसोडहून मध्यरात्रीच निघावं लागतं आणि मुलाची अख्खी रात्र मोडते. सकाळी उशिराचं किंवा दुपारचं विमान असेल तर मूल घरी पुरेसं झोपून, खाऊन निघतं. पाचशे-सातशे रुपये जास्त गेले तरी हा सौदा परवडतो.

तिकीट आणि कागद

दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट लागत नाही. आई किंवा वडिलांच्या मांडीवर बसवून नेता येतं, मात्र त्याचं नाव तिकिटावर हवं आणि वयाचा पुरावाही हवा. जन्मदाखला जवळ ठेवा. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. जाताना मूल २३ महिन्यांचं असेल आणि परतीच्या आधी दोन वर्षं पूर्ण होत असतील, तर परतीला त्याची स्वतःची सीट घ्यावी लागते. ही गोष्ट काउंटरवर गेल्यावर कळली की पंचाईत होते.

दोन वर्षांवरच्या मुलाची सीट पालकांपासून लांब येण्याच्या तक्रारी पूर्वी बऱ्याच व्हायच्या. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपन्यांना सूचना दिली की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान एका पालकाशेजारी जागा द्यावी. त्यामुळे सगळ्यांची तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा. आजीचं तिकीट मामाने आणि मुलाचं बाबांनी काढलं, तर हा नियम कामी येत नाही.

आधी रस्ता

गाडीत मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. समृद्धीवर ताशी १०० किलोमीटरच्या वेगात ही सवय विमानापेक्षा कितीतरी जास्त धोक्याची ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा लहान मुलांची खास सीट लागते, नाहीतर एक हजार रुपये दंड. दंडाचं सोडा, अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही.

वाटेत किमान दोनदा थांबा आणि मुलाला चालू द्या. उन्हाळ्यात तयार दूध बाटलीत भरून नेऊ नका, वाशीमच्या उन्हात ते विमानतळापर्यंत टिकणार नाही. दुधाची पावडर वेगळी आणि थर्मासमध्ये उकळलेलं पाणी वेगळं न्या. बाळाचं दूध आणि खाणं प्रवासाला पुरेल इतकं सुरक्षा तपासणीतून नेता येतं, फक्त ते पिशवीतून बाहेर काढून दाखवा. खेळण्यातली पिस्तूल मात्र हातातल्या सामानात चालत नाही. मुलाच्या पिशवीत ती राहून गेली, तर तपासणीत मोठा रडण्याचा कार्यक्रम होतो. बाहेर ४३ अंश असले तरी आत एसी असतो, त्यामुळे पायमोजे आणि रोजचं दुपटं हाताशी ठेवा. ओळखीच्या वासाचं दुपटं नव्या जागी कामाला येतं.

कान का दुखतात?

विमानात केबिनमधली हवा साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंची. कानाचा आतला भाग घशाला एका बारीक नळीने जोडलेला असतो. विमान वर जाताना कानातली हवा या नळीतून सहज बाहेर पडते. खाली येताना उलटं होतं. बाहेरचा दाब वाढतो, हवा आत यायला हवी, पण नळी चिकटून बसते आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. लहान मुलांची नळी अरुंद आणि आडवी असल्याने त्यांना हा त्रास जास्त होतो.

गिळताना ही नळी उघडते, म्हणून उतरताना मुलाने काहीतरी पीत राहावं. विमान टेकण्याच्या वीस-तीस मिनिटं आधीपासून खाली यायला लागतं. स्तनपान, बाटली, स्ट्रॉचा सिपर, काहीही चालेल, पण सगळं दूध उड्डाणाच्या वेळीच संपवू नका. थोडं उतरण्यासाठी राखून ठेवा. मूल गाढ झोपलं असेल तर खाली उतरायला लागताच त्याला हळूच उठवा, झोपेत गिळणं कमी होतं. जीवावर येतं खरं, पण कान दुखून दचकून उठण्यापेक्षा हे बरं.

सर्दी झाली असेल किंवा कान फुटला असेल, तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. प्रवास चार दिवस पुढे ढकलावा लागला तरी चालेल.

झोपेचं औषध द्यायचं का?

‘सर्दीचं औषध पाजा, गप झोपेल’ हा सल्ला कोणीतरी देतंच. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते करू नका. अशा औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी उलट जास्त अस्वस्थ होतात. सर्दीच्या औषधांत सर्रास असणारं क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी कफ सिरपमुळे अनेक मुलं दगावली, त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं बजावलं. दीड तासाच्या शांततेसाठी हा धोका कशाला घ्यायचा?

विमानात बसल्यावर

मांडीवरच्या मुलासाठी कर्मचारी वेगळा छोटा पट्टा देतात. तो तुमच्या पट्ट्यात अडकवून मुलाला लावायचा असतो. दोघांभोवती एकच पट्टा घेऊ नका, धक्का बसला तर मूल मध्ये दाबलं जातं. ऑक्सिजन मास्क खाली आलेच तर आधी स्वतःला लावा, मग मुलाला. आईला हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ती शुद्धीवर असेल तरच मुलाला मास्क लावू शकेल. ज्यादा मास्क मर्यादित असतात, म्हणून एका बाजूच्या ओळीत सहसा मांडीवरचं एकच मूल बसवतात. जुळी असतील तर आई-वडिलांना वेगळ्या ओळीत बसावं लागू शकतं.

खाऊ म्हणून मऊ धिरडं, केळं, शिरा किंवा गुळ-पोळीचे बारीक तुकडे न्या. फुटाणे, शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं नकोत. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात ती अडकू शकतात, आणि विमानात दवाखाना नसतो.

खेळण्यांची मोठी पिशवी लागत नाही. या वयाचं मूल एका गोष्टीत पाच-दहा मिनिटं रमतं, म्हणून पाच-सहा छोट्या गोष्टी पुरतात, पण त्या एकदम बाहेर काढू नका. गाठी मारलेला रुमाल, स्टिकरचं पुस्तक, झाकणाचा डबा आणि त्यात घालायला मोठे ठोकळे. काही आवाज न करणारी नवी खेळणी कागदात गुंडाळून न्या, कागद उघडण्यातही वेळ जातो. समोरचं सुरक्षा कार्ड आणि खिडकीची झडप तर फुकटची खेळणी. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली मोबाइल नकोच म्हणते. तरी शेवटच्या दहा मिनिटांत सगळे उपाय संपले आणि मोबाइलवर आजीचे फोटो दाखवावे लागले, तर त्याचा अपराधीपणा बाळगू नये. आवाज मात्र बंद ठेवा.

एवढं करूनही मूल रडलं, तर रडू द्या. शेजारच्यांकडे सारखी माफी मागत बसलात तर तुमची घालमेल मुलालाही जाणवते. उभं राहायला परवानगी असताना त्याला कडेवर घेऊन मागेपुढे एक चक्कर मारा. आणि उतरताना घाई न करता सगळी गर्दी जाऊ द्या. पिशवी, दुपटं आणि सीटखाली गेलेली सिपर शोधायला तेवढा वेळ लागतोच.