फाइल आहे, पण अक्षर कुठंय?

मंडळी, आज राजकारण नाही. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण आहे आपल्या मावळच्या इतिहासाचा.

शेजारच्या मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. त्या काळचे ‘केसरी’चे अंक ग्रंथालयात आजही वाचता येतात. कागद पिवळा पडला, अक्षर जागेवर आहे. आता २००२ मधल्या, म्हणजे एक्सप्रेस वे पूर्ण झाला त्या वर्षातल्या, एखाद्या स्थानिक साप्ताहिकाची फाइल उघडून बघा. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस. शंभर वर्षांपूर्वीचं वाचता येतं आणि वीस वर्षांपूर्वीचं नाही!

याची मुळं आपल्या पुण्यातच आहेत. १९८८ ला पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि संगणकावर भारतीय भाषा आणणाऱ्या जिस्ट तंत्राचं काम तिथं वाढलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी छापखान्यांत पोचली, आकृती आली. खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले, डीटीपी ऑपरेटर आले. मी डिप्लोमा करून बातमीदारीला लागलो तेव्हा आपल्याकडची चार पानी साप्ताहिकं पेजमेकर नाहीतर कोरलमध्येच लागायची.

यात मेख एकच होती. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या घरात भाड्यानं राहायची. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजीच. फॉन्ट फक्त वरून मराठी चेहरा चढवायचा. त्यात प्रत्येक कंपनीची घरवाटणी वेगळी. फॉन्ट गेला की चेहरा गेला. शिवाय कित्येक सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय चालत नसत. डोंगल बिघडलं, कारभार आटोपला.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच. त्यात देवनागरीला स्वतःचं घर मिळालं. पण पेजमेकरला युनिकोड कधी समजलाच नाही, आणि २००१ च्या ७.० नंतर त्याची नवी आवृत्तीही आली नाही. छोट्या छापखान्यांनी मात्र तीच गाडी पुढं कितीतरी वर्षं ओढली.

मग ही पानं वाचवायची कशी? जुना कॉम्प्युटर, जुना फॉन्ट आणि कोरल चालू असेल तर मजकूर निवडून वर्डच्या जुन्या डॉक फाइलमध्ये काढता येतो. चित्रं नि नकाशे डब्ल्यूएमएफ करून त्याच फाइलमध्ये बसतात. जुनीच डॉक का? कारण ती त्याच जुन्या मशिनवर तयार होते आणि कोणता मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये होता हे तिच्यात नोंदलेलं राहतं. त्या नावावरून कन्व्हर्टर प्रत्येक अक्षर युनिकोडमध्ये बदलतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. ती हलवावी लागते, रफारही. मग माणसानं बसून वाचायचं, कारण कोरलच्या पानावर प्रत्येक चौकट सुटी असते आणि वर्डमध्ये बातमीचा शेवट आधी, सुरुवात नंतर येऊ शकते.

खरी गोची पुढेच आहे. दुसऱ्या प्रेसला फॉन्ट नसेल म्हणून ऑपरेटर पान पाठवताना सगळा मजकूर ‘कर्व्ह’ करायचे. छपाईला ते बरोबरच होतं. पण कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, रेघांचं चित्र होतं. त्यातून डॉक निघत नाही. मग पानाची प्रिंट नाहीतर इमेज घेऊन ओसीआर करायचं, टेसरॅक्टसारखं मोफत साधन मराठी वाचतं. त्यातही चुका निघतातच.

एवढा खटाटोप कशाला? ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला पवना जलवाहिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. मोठ्या पेपरांनी ती बातमी दिलीच. पण त्याआधीच्या गावोगावच्या बैठका, ग्रामपंचायतींचे ठराव, जमिनीच्या जाहीर नोटिसा कुठं छापल्या जायच्या? आपल्या चार पानी साप्ताहिकांत. उद्या कुणी विचारलं की मावळ तेव्हा काय म्हणत होता, तर उत्तर त्या सीडींमध्ये आहे.

तेव्हा छापखानेवाल्यांना, जुन्या संपादकांना हात जोडून विनंती. जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी पानं डॉकमध्ये काढा, मूळ फाइल आणि फॉन्टही जपून ठेवा. छापील अंक असतील तर ते रद्दीत घालू नका. कागदाला डोंगल लागत नाही.